विश्लेषण : बिअरचा दर्जा गिरणीतच ठरतो? माल्ट किती बारीक दळले जाणार, हे यंत्रावर कसे अवलंबून असते?

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली आणि महाराष्ट्रात ताज्या, जागेवरच तयार होणाऱ्या बिअरचे युग अवतरले. त्यानंतर पुणे, मुंबईत अनेक छोट्या ब्रुअरी उभ्या राहिल्या. तिथे गेल्यावर काचेपलीकडच्या तांब्याच्या किंवा चकचकीत पोलादी टाक्या लगेच दिसतात. मात्र ज्या यंत्रापाशी बिअरची पहिली पायरी पार पडते, ते सहसा मागच्या खोलीत, धुळीत आणि खडखडाटात दडलेले असते. ते यंत्र म्हणजे माल्टची गिरणी. माल्ट थोडे जाड राहिले तर पैसे चोथ्यात जातात. थोडे बारीक झाले तर गाळणी तुंबते आणि दिवस वाया जातो. या दोन टोकांमधली जागा फार थोडी, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात मोजण्याइतकी असते. ती साधायची कशी, आणि वेगवेगळी यंत्रे एकाच माल्टचे वेगवेगळे दळण का देतात, याविषयी…

माल्ट दळावे का लागते?

बिअरसाठी मुख्यतः बार्ली म्हणजे जव वापरतात. जव भिजवून, मोड आणून, मग भट्टीत वाळवले की त्याचे माल्ट होते. नाचणीचे सत्त्व करताना आपण साधारण हेच करतो. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि पिठूळ गराची घट्ट वीण सैल पडते. वाळवल्यावर दाण्यात जेमतेम चार ते पाच टक्के ओलावा राहतो. म्हणून चांगल्या माल्टचा दाणा दाताखाली कुरकुरीत लागतो आणि सहज फुटतो.

हा माल्ट गरम पाण्यात मिसळला की त्याचा मॅश, म्हणजे पातळ लापशीसारखा काला होतो. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात एन्झाइम स्टार्चचे तुकडे करून त्याची साखर करतात. हा गोड रस म्हणजे वर्ट. पुढे यीस्ट त्यातल्या साखरेचे मद्यार्क करते. पण पाणी दाण्याच्या आतपर्यंत पोहोचलेच नाही तर एन्झाइम असून उपयोग नाही. अख्खा दाणा तासभर गरम पाण्यात ठेवला तरी त्याच्या गाभ्यातला बराचसा स्टार्च तसाच राहतो. दाणा फोडला की पाण्याला वाट मिळते. जितके तुकडे लहान, तितका पाण्याशी संपर्क जास्त आणि साखर होण्याचा वेग अधिक. इतके पाहिले तर माल्टचे सरळ पीठच करावे असे वाटेल. अडचण त्यापुढे सुरू होते.

मग पीठच का करत नाहीत?

कारण तयार झालेला रस चोथ्यातून वेगळा काढायचा असतो. बहुसंख्य ब्रुअरींमध्ये हे काम लॉटर टन नावाच्या टाकीत होते. तिच्या तळाशी बारीक फटींची जाळी असते. ही गाळणी-टाकी असली तरी खरी गाळणी ती जाळी नव्हे. जवाची टरफले तळाशी एकमेकांवर रचली जातात, त्यांच्यात पोकळ्या राहतात आणि त्या थरातून रस झिरपतो. विहिरीच्या तळाशी वाळू-गोटे पाणी गाळतात, तसेच हे. टरफले शाबूत असतील तर थर सैल आणि सच्छिद्र राहतो. टरफलांचा भुगा झाला तर थर चिखलासारखा दाबला जातो.

यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. दाणेदार थरातून द्रव किती वेगाने वाहील, हे थराची जाडी, द्रवाचा दाटपणा आणि त्यावरचा दाब यांच्यावर अवलंबून असते. मात्र सर्वांत मोठा परिणाम कणांच्या आकाराचा होतो. थराची पारगम्यता कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे कण निम्मे झाले की रस वाहण्याचा वेग निम्मा होत नाही, तो जवळपास एक चतुर्थांशावर येतो. ब्रुअर ज्याला मॅश अडकणे म्हणतात, ते हेच. नळ उघडा असतो, पण रस येत नाही. मग थर ढवळणे, खालून गरम पाणी सोडणे असे उपाय करावे लागतात. दोन-तीन तासांचे काम पाच-सहा तासांवर जाते आणि रस गढूळ येतो तो वेगळाच.

चवीचाही प्रश्न आहे. टरफलांत टॅनिनसारखी तुरट द्रव्ये असतात. टरफलांचा भुगा झाला, त्यात धुण्याचे पाणी फार गरम किंवा पुरेसे आम्लधर्मी नसले, की ही द्रव्ये अधिक प्रमाणात रसात उतरतात आणि बिअरला कोरडा, जिभेला ओढ बसवणारा तुरटपणा येतो. म्हणून दळण्यातले उद्दिष्ट दुहेरी आणि एकमेकांविरुद्ध जाणारे असते : आतला गर बारीक हवा आणि वरचे टरफल अख्खे हवे. आपल्याकडे जात्यावर डाळ भरडताना डाळीचा चुरा होऊ न देता साल सोडवावी लागते. इथे उलट, साल जपून आतला गर फोडायचा असतो. त्यामुळे ब्रुअरीतल्या या कामाला दळणे म्हणण्यापेक्षा भरडणे म्हणणेच अधिक योग्य.

भरड किती बारीक आहे, हे मोजतात कसे?

अनुभवी ब्रुअर मूठभर भरड हातात घेऊन सांगू शकतो. अख्खे दाणे राहिलेत का, टरफले उभी फाटून रिकामी झालीत का, बोटांना पीठ किती चिकटते, हे तो पाहतो. पण त्यावर विसंबून चालत नाही, म्हणून एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांचा संच वापरतात. युरोपात रूढ असलेल्या फुंगश्टाट चाळणी-यंत्रात पाच चाळण्या असतात. त्यांची छिद्रे वरून खाली १.२७, १.०१, ०.५४७, ०.२५३ आणि ०.१५२ मिलिमीटर अशी लहान होत जातात. मोजून घेतलेला नमुना ठरावीक वेळ हलवला की त्याचे सहा भाग पडतात. सर्वांत वर टरफले, मग जाड कणी, मग जाड रवा, बारीक रवा, पीठ आणि तळाच्या ताटात मैद्यासारखी भुकटी. प्रत्येक भागाचे वजन करून टक्केवारी काढली जाते.

गाळणी-टाकीसाठीच्या कोरड्या भरडीत टरफलांचा भाग साधारण १८ ते २५ टक्के, जाड कणी दहा टक्क्यांच्या आत, दोन्ही प्रकारचा रवा मिळून निम्म्याहून थोडा अधिक आणि उरलेले पीठ व भुकटी, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे आदर्श भरडीत सर्वाधिक वाटा रव्याचा असतो. जाड कणी वाढली तर साखर आत अडकली असे समजावे. तळाची भुकटी वाढली तर गाळणी तुंबण्याची तयारी ठेवावी. केवळ सरासरी बारीकपणा पाहून मात्र फसगत होते. अर्धे दाणे जेमतेम फुटलेले आणि अर्ध्यांचे पीठ झालेले असेल, तर सरासरी ठीक दिसेल. पण त्या भरडीत दोन्ही टोकांचे तोटे एकत्र येतील. साखर कमी आणि गाळणीही तुंबलेली. गिरणीची खरी परीक्षा कण किती एकसारखे पडतात, यात असते.

दोन, चार आणि सहा रोलरच्या गिरण्यांत फरक काय?

माल्ट भरडण्याची बहुतेक यंत्रे रसवंतीच्या चरकासारखी असतात. विरुद्ध दिशांना फिरणारे दोन रोलर, त्यांच्यामधल्या फटीतून दाणा ओढला जातो आणि चिरडला जातो. फट किती ठेवायची हे बदलता येते.

सर्वांत साधी गिरणी दोन रोलरची. छोट्या ब्रुअरींमध्ये आणि घरगुती प्रयोग करणाऱ्यांकडे हीच असते. दाणा एकदाच फटीतून जातो. जवाच्या दाण्याची जाडी साधारण दोन ते तीन मिलिमीटर असते आणि एकाच पोत्यात लहानमोठे दाणे असतात. फट जाड दाण्याला साजेशी ठेवली तर बारीक दाणे अख्खे निसटतात. बारीक दाण्यासाठी आवळली तर टपोऱ्या दाण्यांची टरफले चुरडतात. त्यामुळे या यंत्रात तडजोड अटळ असते. एकसारख्या आकाराचे, नीट मोड आलेले आणि ठिसूळ माल्ट असेल तरच ती काम चोख करते.

चार रोलरच्या गिरणीत रोलरच्या दोन जोड्या एकाखाली एक असतात. वरची जोडी मोठ्या फटीची, साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास. ती दाणा नुसता दाबून उघडते. खालची जोडी तिच्या निम्म्याहून कमी फटीची. ती सुटलेला गर आणखी फोडते. एकाच हिसक्याऐवजी दोन टप्प्यांत दाब पडल्याने टरफल कमी फाटते. या दोन जोड्यांमध्ये चाळणी बसवलेली असेल तर आधीच बारीक झालेले पीठ दुसऱ्यांदा भरडले जात नाही, ते बाजूने खाली उतरते.

सहा रोलरची गिरणी हीच कल्पना पूर्णत्वाला नेते. मोठ्या ब्रुअरींमध्ये तिचा वापर रूढ आहे. स्वित्झर्लंडच्या ब्यूलर कंपनीची माल्टोमॅट हे तिचे परिचित उदाहरण. पहिल्या जोडीनंतर हलत्या चाळण्या भरडीचे तीन भाग करतात. पीठ आणि बारीक रवा थेट खाली जातो. गर चिकटलेली टरफले दुसऱ्या जोडीकडे जातात. तिथे फट सुमारे पाऊण मिलिमीटर असते आणि टरफलाला चिकटलेला गर झाडून काढला जातो. जाड कणी तिसऱ्या जोडीकडे जाते, तिथली फट त्याहून निम्मी. टरफल आणि कणी यांना वेगवेगळी वागणूक मिळते, हे या यंत्राचे सामर्थ्य. त्यामुळे हंगाम बदलला, माल्टचा पुरवठादार बदलला, तरी एकेक जोडी वेगळी जुळवून घेता येते. दोन रोलरच्या गिरणीत ही सोय नाही. तिथे फिरवायला एकच चावी असते आणि ती एकाच वेळी सगळे बदलते.

रोलरमधली फट एवढेच महत्त्वाचे का?

नाही. दोन ब्रुअरींनी फट १.१ मिलिमीटर ठेवली तरी दोघांची भरड सारखी येईलच असे नाही. पहिला घटक रोलरचा व्यास. कारखान्यातल्या गिरणीचे रोलर साधारण २५० मिलिमीटर व्यासाचे असतात, तर घरगुती गिरणीचे चार सेंटिमीटरच्या आसपास. मोठा रोलर दाण्याला हळूहळू, लांब अंतरावर दाबत नेतो. लहान रोलरवर दाणा तीव्र कोनात येतो, घसरतो, वरच्यावर नाचतो आणि आत गेलाच तर एकदम चिरडला जातो.

दुसरा घटक पृष्ठभाग. गुळगुळीत रोलर नुसता दाबतो. खाचा पाडलेला रोलर दाणा पकडतो आणि कापतोही. लहान गिरण्यांत दाणा ओढला जावा म्हणून खरबरीत पृष्ठभाग लागतोच. पण तीच धार टरफलावरही चालते. तिसरा घटक वेग. दोन्ही रोलर समान वेगाने फिरले तर शुद्ध दाब पडतो. एक दुसऱ्यापेक्षा जलद फिरला तर दाण्याला पीळ बसतो. गर चांगला सुटतो, पण कोरडे टरफल फाटते. वेग सरसकट वाढवला तर भरड लवकर होते, पण पिठाचे प्रमाण वाढते. म्हणूनच ड्रिलची मोटार जोडून गिरणी सुसाट पळवण्याचा घरगुती ब्रुअरचा उत्साह अनेकदा अंगाशी येतो.

चौथा घटक माल्टचा पुरवठा. रोलरच्या संपूर्ण लांबीवर दाण्यांचा पातळ, एकसारखा पडदा पडायला हवा. एका बाजूला ढीग आणि दुसरी बाजू रिकामी, असे झाले की ढिगाच्या बाजूला दाणे एकमेकांवर दाबले जातात, रोलर किंचित मागे रेटले जातात आणि फट वाढते. पाचवा घटक झीज. वर्षानुवर्षे दाणे मधोमध पडत राहिले तर रोलर मध्ये झिजतो. मग टोकाला फट अचूक, मध्ये मात्र जास्त. गॅरेजमध्ये स्पार्क प्लगची फट मोजतात तसल्या फीलर गेजने दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजले तरच हे लक्षात येते. भरडीचा नमुनाही म्हणूनच रोलरच्या डाव्या, उजव्या आणि मधल्या भागाखालून वेगवेगळा घ्यायचा असतो.

माल्टला ओलावा दिल्याने काय बदलते?

कोरडे टरफल काचेसारखे तडकते, ओलसर टरफल चामड्यासारखे लवते. हे ओळखून ब्रुअरींनी भरडण्याआधी माल्टला थोडी वाफ किंवा कोमट पाणी देण्याची पद्धत आणली. गिरणीच्या आधी बसवलेल्या मळसूत्री वाहकात माल्ट पुढे सरकत असताना त्यावर फवारा मारतात. ओलावा वाढतो तो एक-दोन टक्केच, आणि तोही टरफलात. आतला गर कोरडा आणि ठिसूळच राहायला हवा. वेळ फार गेला की ओल आत शिरते आणि गर चिवट होतो. मग फायदा संपतो. हे नीट जमले तर टरफले मोठी आणि अखंड राहतात, त्यांच्या थराचे आकारमान वाढते आणि गाळणी मोकळी होते. त्याचा खरा लाभ असा की, आता फट आणखी आवळून गर अधिक बारीक करता येतो. म्हणजे जास्त साखर की जलद गाळणी, ही ओढाताण ओलावा काही अंशी सोडवतो. छोटे ब्रुअर हेच काम माल्टवर पाणी शिंपडून, हाताने कालवून, थोडा वेळ झाकून ठेवून करतात.

याच्या पुढची पायरी ओल्या भरडीची. त्यात माल्ट ६० ते ७० अंशांच्या पाण्यात सुमारे मिनिटभर भिजत पुढे जाते आणि मोठ्या रोलरच्या एकाच जोडीत, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फटीत दाबले जाते. टरफल पिशवीसारखे शाबूत राहते आणि गर बाहेर पिळला जातो. भरड थेट पाण्यातच पडत असल्याने धूळ उडत नाही, हवेशी संपर्कही कमी येतो. मात्र अशा ओल्या भरडीवर चाळण्यांची नेहमीची चाचणी करता येत नाही. शिवाय यंत्र रोज काटेकोर धुवावे लागते. ओले पीठ आंबायला वेळ लागत नाही.

हॅमर मिलमध्ये पीठ होते, मग तिथे रस कसा गाळतात?

हॅमर मिल आपल्याला नवी नाही. पशुखाद्याच्या कारखान्यात मका दळणारे किंवा हळद-मिरची दळणारे पल्वरायझर याच जातीचे. वेगाने फिरणारे पोलादी हातोडे दाण्यावर आदळतात आणि भोवतीच्या जाळीच्या छिद्रातून जाईल इतका बारीक झाल्यावरच कण बाहेर पडतो. इथे फट नसते. बारीकपणा ठरतो जाळीच्या छिद्रांवर आणि हातोड्यांच्या टोकाच्या वेगावर. जाळीचे छिद्र दोन-तीन मिलिमीटरचे असले तरी बहुतेक कण त्याहून कितीतरी बारीक होतात, कारण बाहेर पडेपर्यंत त्यांना अनेक फटके बसलेले असतात. टरफलांनाही यात माफी नाही.

अशी भरड गाळणी-टाकीत टाकली तर ती तुंबणार हे निश्चित. त्यासाठी मॅश फिल्टर हे वेगळे उपकरण लागते. त्यात एकामागे एक चौकटी आणि मधे गाळणी-कापड असते. मॅशचा थर अर्धा मीटर जाड न राहता काही सेंटिमीटरचाच असतो आणि तो दाब देऊन पिळला जातो. कण बारीक असल्याने पारगम्यता घटते हे खरे. पण थर पातळ, क्षेत्रफळ मोठे आणि दाब जास्त असल्याने रस तरीही लवकर निघतो. बेल्जियमच्या म्यूरा कंपनीचा ‘म्यूरा २००१’ हा अशा आधुनिक फिल्टरचा प्रसिद्ध नमुना. या जोडगोळीने माल्टमधून प्रयोगशाळेतल्या चाचणीइतका, कधी त्याहूनही किंचित जास्त अर्क मिळतो. चोथाही कोरडा निघतो. दुभत्या जनावरांसाठी हा चोथा विकला जातो. तो कोरडा असला की वाहतुकीत पाणी वाहून नेण्याचा खर्च वाचतो.

थोडक्यात, ‘जास्त बारीक वाईट’ हा नियम सार्वत्रिक नाही. गिरणी आणि गाळणी यांची जोडी जुळली पाहिजे, हा खरा नियम. गाळणी-टाकी असलेल्या ब्रुअरीने हॅमर मिल घेणे ही जितकी चूक, तितकीच मॅश फिल्टर असलेल्या ब्रुअरीने जाड भरड वापरणे ही चूक.

भारतातल्या धान्यामुळे वेगळ्या अडचणी येतात का?

येतात. भारतात राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश अशा राज्यांत जव पिकतो आणि त्यात परंपरेने सहा-ओळी जवाचे प्रमाण मोठे आहे. या कणसात मधले दाणे सरळ आणि भरलेले, तर बाजूचे दाणे लहान आणि किंचित वाकडे असतात. युरोपात बिअरसाठी पसंत केला जाणारा दोन-ओळी जव तुलनेने एकसारखा आणि टपोरा असतो. सहा-ओळी जवात टरफल आणि प्रथिनांचे प्रमाणही सहसा अधिक असते. टरफल जास्त म्हणजे गाळणी सोपी. पण दाणे असमान म्हणजे दोन रोलरच्या गिरणीची पंचाईत. कर्नालच्या गहू व जव संशोधन संस्थेने ‘डीडब्ल्यूआरयूबी ५२’सारखे दोन-ओळी माल्ट-वाण विकसित केले, त्यामागे उद्योगाची ही गरज आहे.

गव्हाची बिअर आपल्याकडच्या ब्रुअरींत विशेष लोकप्रिय आहे. गव्हाच्या दाण्याला टरफल नसते, दाणा लहान आणि कडक असतो. जवासाठी लावलेल्या फटीतून गहू अर्धवट फुटून जातो. म्हणून गव्हाचे माल्ट वेगळ्या, आवळलेल्या फटीत भरडावे लागते. गव्हाचा वाटा निम्म्यावर गेला की गाळणीसाठी टरफले कमी पडतात. मग भाताचे तूस स्वच्छ धुऊन मॅशमध्ये मिसळतात. त्याला चव नसते, ते केवळ थर मोकळा ठेवते. ज्वारी किंवा नाचणीचे माल्ट वापरू पाहणाऱ्यांपुढे हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. मोहरीएवढी नाचणी जवाच्या फटीतून जशीच्या तशी खाली पडते. तिच्यासाठी स्वतंत्र गिरणी किंवा पिठाची चक्कीच लागते.

माल्टचा स्वतःचा दर्जाही पाहावा लागतो. प्रयोगशाळेत एकाच माल्टचे दोन नमुने चकतीच्या गिरणीत दळतात, एक ०.२ मिलिमीटर फटीत आणि दुसरा १ मिलिमीटर फटीत. दोन्हींतून निघालेल्या अर्कातला फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर माल्टला मोड नीट आलेले आहेत, जाड भरडले तरी ते साखर देईल, असे मानतात. फरक जास्त असेल तर गराची वीण अजून घट्ट आहे आणि गिरणीवरचा भार वाढणार आहे. म्हणजे चांगले माल्ट साध्या गिरणीला सांभाळून घेते. हलके माल्ट तिचे सगळे दोष उघडे पाडते.

छोट्या ब्रुअरीला याचा आर्थिक फटका किती?

एक साधा हिशेब पाहू. १२ अंश प्लेटो, म्हणजे वजनाने १२ टक्के विद्राव्य अर्क असलेला एक हजार लिटर रस हवा आहे. त्याचे वजन सुमारे १,०४८ किलो, म्हणजे त्यात जवळपास १२६ किलो अर्क हवा. माल्टच्या वजनाच्या ७५ टक्के अर्क निघत असेल तर १६८ किलो माल्ट लागेल. भरड जाड राहिल्याने ७० टक्केच निघाला तर १८० किलो लागेल. एका खेपेला १२ किलोंचा फरक. आठवड्याला दोन खेपा धरल्या तर वर्षाला सव्वा टन माल्ट, म्हणजे २५ किलोची सुमारे ५० पोती, नुसती चोथ्यात जातात. हे माल्ट आयात केलेले असेल तर तोटा आणखी बोचतो.

उलट बाजूला, जास्त बारीक भरडीमुळे महिन्यातून दोनदा मॅश अडकला तर माणसांचे तास, वाफ आणि टाकी अडून राहण्याचा खर्च येतो. हा खर्च माल्टच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून तो अनेकदा मोजलाच जात नाही. त्यामुळे नवी गिरणी घेण्यापूर्वी आहे ती नीट लावणे हा स्वस्तातला उपाय. फट मोजणे, पुरवठा एकसारखा करणे, रोलर समांतर करणे, माल्टला किंचित ओल देणे आणि दर नव्या खेपेला चाळणीची चाचणी घेऊन नोंद ठेवणे, यांना फारसा खर्च नाही. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही थोडी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

धुळीचा धोका किती गंभीर?

गिरणी जितकी बारीक दळते, तितकी धूळ जास्त. धान्याची हवेत तरंगणारी धूळ ठिणगी लागताच स्फोटक ठरू शकते. आजच्या इटलीतील तुरिन शहरात १७८५ मध्ये एका बेकरीच्या कोठारात पिठाचा स्फोट झाला होता. धुळीच्या स्फोटाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. माल्टमध्ये चुकून आलेला खिळा किंवा खडा रोलरवर किंवा हातोड्यावर आपटला तर ठिणगी पडते. म्हणून गिरणीआधी चुंबक आणि खडे वेगळे करणारे यंत्र बसवतात, यंत्राला अर्थिंग देतात, धूळ ओढून घेण्याची सोय करतात. हॅमर मिलच्या बाबतीत ही खबरदारी ऐच्छिक नसते.

इतर दोन धोके कमी बोलले जातात. एक, धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते. पिठाच्या गिरणीत वर्षे काढलेल्यांना दम्याचा त्रास होतो तसाच. मास्क ही किमान गरज. दुसरा, माल्टच्या धुळीत आंबट करणारे जिवाणू असतात. गिरणी आणि आंबवण्याच्या टाक्या एकाच खोलीत असतील तर ही धूळ थंड झालेल्या रसात पडून संपूर्ण टाकी नासवू शकते. म्हणून गिरणीला वेगळी, दार बंद होणारी खोली हवी. जागेची चणचण असलेल्या शहरी ब्रुअरींमध्ये नेमकी इथेच काटकसर होण्याची शक्यता असते.

ग्राहकाला यातला फरक कळतो का?

थेट नाही. ग्लास हातात घेऊन ‘ही सहा रोलरची भरड’ असे कोणी सांगू शकत नाही. पण गढूळ रस, ताणलेली गाळणी, फाटलेली टरफले यांची बेरीज तुरटपणात आणि टिकाऊपणात उतरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सातत्य. गेल्या महिन्यात आवडलेली बिअर या महिन्यात पातळ किंवा तुरट लागली, तर दोष पाककृतीचाच असेल असे नाही. कदाचित मागच्या खोलीतल्या रोलरचा एक बोल्ट ढिला झालेला असतो. पिठाची गिरणी टाकी लावून घेतल्यावर दळणात पडणारा फरक आपल्याकडे भाकरी करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असतो. बिअरचे गणितही तिथूनच सुरू होते.